आजीच्या नावावर खपलेलं गाणं

लोरीन स्टॅम्परने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकतीस वर्षांत ती बस एकदाही ओढ्यात घातली नाही, एवढी एकच फुशारकी ती स्वतःबद्दल मारायची. आमच्या काउंटीत ही लहानसहान फुशारकी नव्हे. रस्ता असा, की एका खिडकीला डोंगर घासतो आणि दुसऱ्या खिडकीतून खाली बघवत नाही. समोरून कोळशाचा ट्रक आला की कुणातरी एकाला मागे सरावं लागतं. लोरीन सरायची नाही. ट्रकवाले मनातल्या मनात शिव्या घालत सरायचे.

बसमध्ये पोरं हाणामारीवर आली की ती गाणं सुरू करायची. गाणी तिच्या आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची. कुणी प्रेयसीला नदीकाठी नेऊन मारली, कुणी भावालाच गोळी घातली, असली बारा-बारा कडव्यांची. पोरं चिडीचूप बसायची. एका आईने एकदा शाळेकडे लेखी तक्रार केली. हेडमास्तर लहानपणी त्याच बसमधून शाळेत गेलेले. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "तो भावाला मारणारा शेवटी फासावर जातो का हो? माझा थांबा नेहमी त्याच्या आधी यायचा."

या डोंगरात जुनं गाणं म्हणायची एक रीत आहे. म्हणणारीने चेहरा हलवायचा नाही. डोळे मिटायचे नाहीतर भिंतीकडे बघायचं आणि सरळ आवाजात म्हणून टाकायचं. रडायचं असेल तर ते काम ऐकणाऱ्याचं. दुसरं म्हणजे, गाणं जसं कानावर आलं तसंच पुढे द्यायचं, त्यात फेरफार करायचा नाही. त्यामुळे नव्वदीची म्हातारी चर्चच्या अंगणात बसून 'लाडके, तुझ्यापायी मी माझा काळा घोडा विकला' असं खुशाल म्हणते आणि कुणाची भुवई वर जात नाही. गाणं त्या घोडेवाल्याचं, म्हातारी फक्त ते इथवर घेऊन आलेली. आणि याचीच दुसरी बाजू अशी, की असलं गाणं 'मी केलं' म्हणून सांगणं ही चोरी, तीही थडग्यात झोपलेल्या माणसाच्या घरची. कोंबडी चोरलेली लोक एखाद्या वर्षात विसरतात. ही चोरी तुमच्या नातवंडांनासुद्धा ऐकवतील.

ग्लेना कॉडिल लोरीनच्या घरी राहायला आली ती शहाण्णव साली, दोन बॅगा, एक शिवणयंत्र आणि एक चिडका कुत्रा घेऊन. गावाने ठरवून टाकलं, की बिचारी भाडं वाटून घ्यायला आलेली दिसते. घर लोरीनच्या वडिलांनी बांधलेलं, त्याला भाडं कसलं! पण तो मुद्दा कुणी काढला नाही. कुत्रा मेला, दुसरा आला, तोही म्हातारा झाला, आणि ग्लेना आपली 'लोरीनची ती मैत्रीण'च राहिली. लग्नाच्या आमंत्रणावर लिहून यायचं, 'लोरीन आणि सोबत'. लोक दुष्ट होते असं नाही. लोरीनला फ्लू झाला तेव्हा तिच्या दारात दोन माणसांना पुरेल एवढा घेवडा आणि मक्याचा पाव यायचा. ताटं दोघींची मोजायची, नाव एकीचंच घ्यायचं, असा सगळा कारभार.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात इथला शिवणकारखाना बंद पडला आणि ग्लेना कामासाठी नदीपार ओहायोत गेली. आमच्याकडचे अर्धे लोक कधी ना कधी ओहायोत जाऊन येतात, त्यात नवल काही नाही. लोरीनला मात्र ते चार महिने फार जड गेले. तिने तोवर एकही गाणं रचलेलं नव्हतं. भांडी घासता घासता एक ओळ आली, दुसऱ्या दिवशी दुसरी. तिच्या कानाला एकच घाट ठाऊक, म्हणून गाणं बाहेर पडलं ते जुनंच होऊन:

नदीपार गेलीस, मागं वळली नाहीस,
ओंजळभर पाणी, तेही प्यायली नाहीस.

मार्चमध्ये ग्लेना परत आली. लोरीनने तिला सिंकपाशी उभं करून, डोळे मिटून, सगळं म्हणून दाखवलं. ग्लेनाने भांडी पुसायचा टॉवेल तोंडावर धरला आणि आतूनच म्हणाली, "परत म्हण."

घोटाळा झाला तो त्याच उन्हाळ्यात. रविवारी चर्च सुटल्यावर लोरीनच्या मोठ्या भावाच्या, ऑर्बिनच्या अंगणात जेवण होतं. ऑर्बिन खाणीतला माणूस, आणि चर्चमध्ये भजनाची ओळ आधी एकट्याने सांगायचा मान त्याचा. तो ओळ सांगणार, मग सगळे ती ओढून गाणार. त्या दिवशी जेवणं झाल्यावर लोरीनला गायचा आग्रह झाला. तिने दोन जुनी गाणी म्हटली आणि तिसऱ्याला, कसं कोण जाणे, तोंडातून हेच सुरू झालं. सुरू झालेलं गाणं मध्येच सोडायची रीत नाही. संपलं तेव्हा मर्टी आत्या, म्हणजे लोरीनच्या वडिलांची बहीण, पुढे वाकली.

"हे कुठलं गं, पोरी?"

समोर ऑर्बिन, बाजूला पाद्री, मागे सगळं गोत.  "आजीचं," लोरीन म्हणाली.

आता मर्टी आत्या म्हणजे त्या आजीची सख्खी मुलगी. लोरीनला वाटलं, संपलं, पकडले गेले. आत्याने क्षणभर आकाशाकडे बघितलं. "हो की गं! आई लोणी घुसळताना म्हणायची. मी कशी विसरले?" आत्या खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवलं होतं. जेवणानंतरचा ॲपल पाय कापून होईपर्यंत तिला ती रवी आठवली, ओसरी आठवली, आणि आई कुठल्या ओळीला दम घ्यायची तेही आठवलं.

पुढे विद्यापीठातून एक प्राध्यापक टेप घेऊन आले. त्यांनी आत्याची आठवण आणि लोरीनचं गाणं दोन्ही भरून नेलं आणि पुस्तकात छापलं, की हे गाणं बहुधा स्कॉटलंडातून आलं असावं आणि त्यातली नदी ही तिथल्या सरहद्दीवरची. लोरीन आणि ग्लेना ते पान वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

केझाया स्लोन लोरीनच्या बसमध्ये अगदी शेवटच्या थांब्यावर उतरायची. हाडकुळी, शेंबडी आणि कानाची पक्की. बारावी झाली आणि गिटार घेऊन 'कंट्री' गाण्यांच्या पंढरीत, नॅशव्हिलला पळाली. तिथे तिला सांगण्यात आलं, की आवाज झकास आहे, पण प्रेमाची गाणी पुरुषावर म्हण. केझाया म्हणाली, माझं पुरुषावर प्रेम बसत नाही, तर खोटं कशाला म्हणू? आता तिथे अशी बरीच मंडळी जमली आहेत. तीच टोपी, तेच बूट, तीच स्टील गिटारची रड, आणि गाण्यात बाईने बाईसाठी नाहीतर पुरुषाने पुरुषासाठी जीव टाकलेला. रेडिओवाले काहींना वाजवतात, बऱ्याच जणांना नाही. केझायाला आठ वर्षं वाजवलं नाही. मग तिच्या दुसऱ्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं एकदम उचललं गेलं. तेच, नदीपारचं. बसमध्ये ऐकलेलं. कव्हरवर छापलं होतं, 'पारंपरिक'.

तिने रेकॉर्ड लोरीनला पाठवली. सोबत चिठ्ठी होती, 'हे तुमच्यामुळे'. लोरीनने ती कपाटावर ठेवली आणि महिनाभर त्या कपाटाकडे बघायचं टाळलं.

ग्लेना तेव्हा वृद्धाश्रमात मदतनीस होती. सप्टेंबरअखेरच्या एका दुपारी ती एका आजोबांना ओट्स भरवत असताना रेडिओवर केझायाची मुलाखत लागली. ग्लेना कामावरून आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"मला मरून किती वर्षं झाली गं?"

"काय?" लोरीन बटाटे सोलत होती.

"केझी सांगत होती रेडिओवर. दोनशे वर्षांपूर्वी या डोंगरात एक बाई होऊन गेली, तिचं दुसऱ्या बाईवर प्रेम होतं, आणि तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. आवाज भरून आला होता तिचा. मुलाखत घेणारीपण रडायला लागली. माझ्या हातात चमचा, म्हाताऱ्याचं तोंड उघडं, आणि मी आपली तिथेच उभी. नाव ठाऊक नसलेली."

"अगं, तिला काय माहीत..."

"तिला नाही. तुला तर आहे." ग्लेना उठली, तिने पाणी घेतलं आणि पुन्हा बसली. "आमंत्रणावर नाव नाही, मी बोलले का? दर मे महिन्यात तुम्ही स्टॅम्पर मंडळी थडग्यांवर फुलं घालता आणि मी गाडीपाशी बटाट्याच्या सॅलडची राखण करते. बोलले? सत्तावीस वर्षांत एक वस्तू माझ्या नावची आहे या घरात, आणि ती तू तुझ्या आजीला देऊन टाकलीस."

 लोरीनला भीती होती ती नोकरीची नव्हती, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भीती ऑर्बिनची होती. ऑर्बिनला सगळं माहीत असणार हे तिला कळत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडावर ऐकणं वेगळं. ऐकल्यावर त्याला काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तो चर्चचा माणूस. खाणीने त्याची छाती खाल्ली होती. बोलून झालेलं परत घ्यायला त्याच्याकडे फार वर्षं नव्हती.

"शनिवारी केझी मेळ्यात गाणार आहे," लोरीन शेवटी म्हणाली. "मला वर बोलावणार म्हणालीय. तेव्हा सांगते."

"तू सांगशील असं मला वाटत नाही," ग्लेना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि लोरीनला तेच जास्त लागलं. "पण मी पुढच्या खुर्चीवर येऊन बसेन."

काकवीचा मेळा ऑक्टोबरात भरतो. खेचर चरकाभोवती फिरत असतं, कढईतून हिरवट फेस काढत असतात आणि सगळ्या काउंटीच्या कपड्यांना तो गोड धूर लागतो. दुपारी दोन वाजता केझाया स्टेजवर आली. तिच्या मागे तिची स्टील गिटारवाली, दोघींची बोटं येता-जाता एकमेकींना लागणारी. पहिल्या गाण्यालाच चारपाच जण खुर्च्यांचा आवाज करत उठून गेले. बाकीचे बसले. पोरगी आपल्याच ओढ्याची, शिवाय रेडिओवर वाजलेली.

मग तिने लोरीनला वर घेतलं आणि माइकवर आपली ती दोनशे वर्षांची गोष्ट सुरू केली. लोरीनने तिच्या दंडाला हात लावला.

"केझी, थांब. ते खरं नाही."

कढईपाशी फेस काढणारे हात थांबले. खेचर तेवढं फिरत होतं.

"हे गाणं आजीचं नाही," लोरीन म्हणाली. बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज होता तो, त्याला माइकची गरज नव्हती. "मी केलंय. अठ्ठ्याण्णव साली. माझ्या स्वयंपाकघरात. ग्लेना ओहायोला गेली होती तेव्हा, तिच्यासाठी. ग्लेना कॉडिल. ती बघा, पुढे बसलीय."

सांगून झालं होतं. तिने समोर लोकांत बसलेल्या ऑर्बिनकडे बघितलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आता तो काय बोलेल, या एका गोष्टीचा धसका तिने पंचवीस वर्षं बाळगला होता.

"लोरीन," ऑर्बिन उभा राहिला. मध्ये खोकला, मग पुन्हा बोलला. "तुझ्या घरी कोण राहतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते तू आणि देव बघून घ्या, मला सांगायची गरज नाही. पण आजीचं गाणं आपलं म्हणून सांगू नकोस. आई-बापाने हे नाही शिकवलं आपल्याला."

 आणि मग सगळीकडून सुरू झालं.

"अगं, मी ते लहान असल्यापासून ऐकतोय!" कुणीतरी म्हणालं. त्या माणसाचं वय तिसाच्या आसपास असेल.

"पुस्तकात छापलंय, बाई! स्कॉटलंडचं आहे!"

"रेडिओवर वाजलं, आता हिला आपलं वाटायला लागलं," काकवीच्या कढईपाशी एक बाई दुसरीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू.

एक्याण्णव वर्षांची मर्टी आत्या चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने काठी आपटली. "माझ्या आईने रवीवर म्हटलेलं गाणं गं ते! मेलेल्या बाईचं घेतेस? लाज नाही वाटत?"

ज्या गोष्टीला लोरीन जन्मभर भ्यायली, ती कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. आणि जी तिच्या स्वप्नातही नव्हती, ती चोरी तिच्या कपाळावर बसली होती. केझाया बाजूला उभी, तिचा रंग उडालेला. "लोरीन," ती हळूच म्हणाली, "मी अर्ध्या देशाला सांगितलंय हो ते आजीचं म्हणून."

पुढच्या खुर्चीत ग्लेना मान खाली घालून हातातली पिशवी चाचपत होती. तिचं नाव घेतलं गेलं होतं आणि लगेच गोंगाटात बुडालंही होतं. ती उठायला लागली.

तेव्हा लोरीनने वाद सोडला आणि डोळे मिटून गायला सुरुवात केली. केझायाच्या बाजूने कुणी साथ दिली नाही, द्यायचं सुचलंच नाही. तीन कडवी सगळ्यांना पाठ. लोक गप्प झाले, कारण गाणं चालू असताना बोलायचं नाही, हेही इथे आईचं दूध पितानाच शिकवतात. तिसरं कडवं संपलं. गाणं तिथे संपतं. पुस्तकात तिथेच संपतं, रेकॉर्डवरही, आत्याच्या आठवणीतही. काही हात टाळीसाठी उचलले गेले.

लोरीनने डोळे उघडले आणि ग्लेनाकडे बघत पुढे म्हटलं:

ग्लेना गं, ग्लेना, हिवाळा सरेना,
तुझ्याविना घर हे घर काही ठरेना.
कॉडिलांच्या लेकी, ये माघारी आता,
दोन खुर्च्या मांडल्यात, एक भरेना.

हे कडवं सिंकपाशी सोडून कुठेही म्हटलं गेलं नव्हतं. शेवटच्या ओळीत लोरीनचा आवाज फुटला. चेहरा हलला, डोळे वाहिले, सगळी रीत मोडली. उचललेले हात तसेच राहिले. ग्लेना अर्धवट उठलेली, तशीच उभी होती, आणि सगळी काउंटी तिच्याकडे बघत होती.

आधी मर्टी आत्या बोलली. "हे कडवं आईच्या गाण्यात नव्हतं," ती ठासून म्हणाली.

"नव्हतं, आत्या," लोरीनने नाक पुसलं.

"हे तू घातलंस."

लोरीनने ग्लेनाकडे बघितलं, मग आत्याकडे. "हो," ती म्हणाली. "घातलं."

"मग तसं सांग की, पोरी! उगाच सगळ्यावर हक्क काय सांगतेस?" आत्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "कडवं बरं जमलंय. आईला आवडलं असतं."

यावर पंचांचा निकाल लागल्यासारखं झालं. कढईपाशीच्या बायका फेसाकडे वळल्या. ऑर्बिन बसला, त्याने टोपी घातली, मग पुन्हा उठून आपल्या बाजूची खुर्ची सावलीत ओढली. "ग्लेना," तो म्हणाला. हे नाव त्याच्या तोंडून लोरीनने तोवर ऐकलं नव्हतं. "उन्हात कशाला बसलीयस? इकडे ये." ग्लेना गेली.  त्याने तिला आपली काकवी लावलेली बिस्किटं दिली आणि तिने ती खाल्ली.

आठवड्याने केझायाचा फोन आला. तिने आधी रडून माफी मागितली, मग कामाचं बोलली. रेकॉर्डची नवी छपाई होणार होती. ती चारही कडवी पुन्हा गाणार होती आणि वकील मंडळी विचारत होती, की कव्हरवर काय घालायचं. "मी खरं तेच छापते, लोरीन. सगळं गाणं तुमचं. प्राध्यापकांना पत्र लिहिते. आत्यालाही समजावू आपण."

"आत्याला?" लोरीन म्हणाली. "तू समजाव. मी बस घेऊन पळते." पण तिचा जीव तुटत होता. एका हिवाळ्यात ओळ-ओळ करून जमवलेलं, जन्मातलं एकुलतं एक गाणं. ते सोडून द्यायचं तर मन होईना, आणि धरून ठेवायचं तर भर मेळ्यात पुन्हा चोर ठरायची तयारी हवी. तिने फोन छातीशी धरला आणि ग्लेनाकडे बघितलं. "केझी विचारतेय काय छापू. तू सांग. गाणं तुझं आहे."

ग्लेना शिवणयंत्रात दोरा ओवत होती. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईत घातलं, पलीकडून ओढून घेतलं, आणि मग म्हणाली, "पहिली तीन राहू देत तुझ्या आजीला. म्हातारी आत्या आहे तोवर तिची आई लोणी घुसळताना गात होती, तर गाऊ दे बापडी. चौथं माझं. त्यावर माझं नाव पुरतं घाल म्हणावं, आणि स्पेलिंग मला विचारून."